पान वाढले आहे

गेल्या आगमनकाळात घरभेटींच्या निमित्ताने आम्ही जांभूळ येथील एका कुटुंबात गेलो होतो. अंबरनाथ-बदलापूरच्या शेजारचे हे गाव पंचक्रोशीला पाण्यामुळे परिचित आहे. बारवी धरणाचे पाणी औद्योगिक विकास महामंडळाच्या येथील केंद्रात शुद्ध होते आणि मग आसपासच्या शहरांत जाते. ज्या घरी आम्ही गेलो ते घर मोठे गमतीचे आहे. आजोबा जेवताना चिं. वि. जोशींचे चिमणराव मोठ्याने वाचतात. ऐकत कोणीच नाही, तरी हसू आले की सर्वांसाठी हसतात. काकांना जुनी घड्याळे दुरुस्त करण्याचा नाद आहे. भिंतीवर चार घड्याळे आणि चारांची वेळ निराळी, त्यामुळे जेवणाची वेळ आईच्या हाकेवरून ठरते. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जातात आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्या माणसांपेक्षा गच्चीवरच्या मिरचीच्या कुंड्यांशी अधिक बोलतात. आणि अकरावीत शिकणारी मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून पुस्तके वाचते, रात्री जपानी चित्रमालिका पाहते आणि तांदळाच्या डब्यावर तिने जपानी लिपीत काही अक्षरे रंगवून ठेवली आहेत.

प्रार्थना आणि आशीर्वाद झाल्यावर वडिलांनी आम्हांला बाजूला घेतले. "फादर, हिला तुम्हीच दोन शब्द सांगा. सहामाहीत गणितात नापास झाली. रात्ररात्र ती कार्टुनं बघते. बोलावलं तरी जेवायला येत नाही, ताट खोलीत घेऊन जाते. हातची जायला लागलीय." मुलगी दाराशी उभी होती. तिने ऐकले आणि मान खाली घातली.

आम्ही त्या वेळी उपदेश केला नाही. त्याचे श्रेय आमच्या शहाणपणाला नाही, सेमिनरीतील एका जुन्या सवयीला आहे. संत थॉमस अक्वायनस यांचे ग्रंथ अभ्यासताना एक शिस्त अंगवळणी पडते : प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे, खंडन करायचे ते नंतर. जे आम्ही पाहिलेच नव्हते त्याविरुद्ध बोलणार कसे? म्हणून आम्ही मुलीला म्हणालो, "बाळ, तुला सर्वांत आवडलेले दोन चित्रपट आम्हांला लिहून दे. पाहतो, मग बोलू." तिने विजेच्या बिलाच्या पाठीवर दोन नावे लिहून दिली. पुढील पंधरवड्यात आम्ही ते दोन्ही चित्रपट पाहिले, त्यांपैकी एक दोनदा. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पाहण्याचा हिशेब आहे.

प्रथम 'परके' या शब्दाविषयी. ही चित्रे परकी आहेत, मुलांना आपल्या मातीपासून तोडतात, असा आक्षेप पालकसभांत वारंवार ऐकू येतो. आमच्या पिढीला एक गोष्ट आठवेल. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागत असे. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो आणि एका धर्मग्रामात मुलांना धर्मशिक्षण देण्यास जात होतो. मिस्सा आटोपताच मुले घराकडे धूम ठोकीत. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचे संगीत लाभलेले तिचे शीर्षकगीत साऱ्या गल्लीला पाठ होते. ती मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ साली निर्माण केली होती, हे आम्हांला कित्येक वर्षांनी कळले. एका इंग्रज लेखकाची, भारतातील अरण्याची, जपानी कलावंतांनी रेखाटलेली ती कथा आम्ही हिंदीत पाहिली आणि आपली मानली. तेव्हा कोणाची माती सुटली नाही. आजची मुले तेच अधिक जाणतेपणाने करतात. 'वेदरिंग विथ यू' हा जपानी चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत लागावा म्हणून येथल्या चाहत्यांनी सह्यांचा अर्ज केला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो येथे प्रदर्शित झाला.

आता त्या दोन चित्रपटांकडे वळू. पहिल्याचे नाव 'व्हिस्पर ऑफ द हार्ट'. मूळ जपानी नावाचा आशय 'कान देऊन ऐकले तर' असा काहीसा आहे. स्टुडिओ घिब्ली या विख्यात संस्थेने तो १९९५ साली प्रदर्शित केला. आओई हिइरागी यांच्या चित्रकथेवरून पटकथा हायाओ मियाझाकी यांनी लिहिली आणि दिग्दर्शन योशिफुमी कोंदो यांनी केले. कोंदो यांचा हा एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट. १९९८ साली वयाच्या ४७ व्या वर्षी ते निवर्तले.

कथा साधी आहे. शिझुकू ही चौदा वर्षांची मुलगी टोकियोच्या उपनगरात एका लहानशा सदनिकेत राहते. घर पुस्तकांनी गच्च भरलेले. वडील ग्रंथालयात नोकरी करतात, आई उतारवयाकडे झुकताना विद्यापीठात पुन्हा शिकते आहे, थोरली बहीण घरकामावरून सर्वांना धारेवर धरते. शिझुकू सुट्टीत ग्रंथालयाची पुस्तके फस्त करते. पुस्तकाच्या खिशातील कार्डावर आधीच्या वाचकांची नावे असतात. तिच्या ध्यानात येते की, तिने आणलेल्या प्रत्येक पुस्तकावर एकाच मुलाचे नाव आपल्या आधी आहे. पुढे तो मुलगा भेटतो. त्याला व्हायोलिन घडवणारा कारागीर व्हायचे आहे आणि त्यासाठी तो इटलीतील क्रेमोना या गावी जाऊ पाहतो. त्याला आपली वाट गवसली, आपले काय, या प्रश्नाने शिझुकू अस्वस्थ होते आणि एक कथा लिहून काढण्याचे ठरवते. आगीनगाडीत भेटलेल्या मांजरामागून चालत ती एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पोहोचली होती. त्या दुकानाचे वृद्ध मालक तिचे पहिले वाचक होतात. ते तिला एक ओबडधोबड दगड दाखवतात. त्याच्या पोटात रत्नाचे कण चमकत असतात. मात्र ते घासून पैलू पाडल्याशिवाय त्यांचे मोल नाही.

या चित्रपटातील एक प्रसंग आमच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे, आणि तो ना मांजराचा आहे ना रत्नाचा. कथा लिहिण्याच्या नादात शिझुकूचा अभ्यास बुडतो, गुणानुक्रमात ती पार खाली घसरते. बहीण संतापते. आई-वडील तिला टेबलापाशी बसवतात. आम्ही सावरून बसलो. आता उपदेश होणार. तसे होत नाही. तू जे करते आहेस ते आत्ताच करणे आवश्यक आहे का, एवढे ते विचारतात. ती 'होय' म्हणते, पण काय ते सांगू शकत नाही. वडील क्षणभर विचार करतात आणि परवानगी देतात. सोबत एक ताकीद देतात : इतरांहून वेगळ्या वाटेने जाणे सोपे नसते, कारण पुढे काही बिघडले तर दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. आणि शेवटी एक अट येते : जेवणाच्या वेळी मात्र सर्वांसमोर येत जा. आपण एका घरातली माणसे आहोत.

हा प्रसंग दोन-तीन मिनिटांचा आहे. पण पालकत्वाविषयी आम्ही आजवर दिलेल्या कित्येक प्रवचनांपेक्षा तो अधिक नेमका वाटला. त्यात लाड नाही. मुलीच्या हट्टापुढे कोणी मान तुकवलेली नाही. तिच्या निवडीचे ओझे तिच्याच खांद्यावर ठेवले आहे. त्यात धाकही नाही. तिचे गुपित हिसकावून घेतलेले नाही. आणि ताटावरची अट तेवढी राखली आहे. मुलाच्या मनातील सर्व काही आपल्याला कळलेच पाहिजे, असा आग्रह आपल्यापैकी बहुतेकांचा असतो. तो पुरा होत नाही म्हणून आपण चिडतो, आणि चिडल्यामुळे मूल ताट उचलून खोलीत जाते. शिझुकूचे आई-वडील उलट क्रम लावतात. कळले नाही तरी चालेल, दुरावा मात्र नको.

वाचकांना एव्हाना संत लूक यांच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय आठवला असेल. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो. आई-बाप तीन दिवस शोध करतात. तो सापडतो तो गुरुजनांमध्ये, ऐकताना आणि प्रश्न विचारताना. मरिया आपली व्यथा बोलून दाखवते, तो उत्तर देतो, आणि सुवार्तिक स्वच्छ लिहितो की, त्या दोघांना ते उत्तर समजले नाही. पवित्र कुटुंबाच्या सणाला हे शुभवर्तमान येते तेव्हा आपण या वाक्यावरून भराभर पुढे जातो. जगातील सर्वांत पवित्र घरातसुद्धा एका सायंकाळी आई-बापांना मुलाचे म्हणणे कळले नव्हते. पुढे काय झाले? मुलगा त्यांच्याबरोबर नाझरेथला परतला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि आईने सर्व काही अंतःकरणात जपून ठेवले. न समजलेली गोष्ट जपून ठेवणे हीही मातेची एक साधना आहे.

दुसरा चित्रपट 'माय नेबर्स द यामादाज', याच संस्थेचा, १९९९ सालचा. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. हिसाइची इशिई यांच्या वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालेवर तो आधारलेला आहे. पाण्यात विरघळल्यासारखे फिके रंग, कागदाचा बराचसा भाग कोरा. त्यात सलग कथानक नाही. आई-वडील, मुलगा, धाकटी नोनोको, तिखट जिभेची आजी आणि कुत्रा यांच्या घरातील लहान लहान प्रसंग आहेत, आणि मधूनमधून बाशोसारख्या कवींच्या हायकू येतात. एका प्रसंगात सारे कुटुंब खरेदीला जाते आणि नोनोकोला दुकानातच विसरून मोटारीने निघते. प्रत्येकाला वाटते, ती दुसऱ्याजवळ असेल. लूकच्या अध्यायात मरिया आणि योसेफ यांनाही अगदी असेच वाटले होते. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर ते मुलाला नातेवाइकांत शोधू लागले. इकडे नोनोको शांत आहे आणि हरवलेल्या दुसऱ्या एका मुलाला धीर देते आहे.

हे कुटुंब आपल्या ओळखीचे आहे. मराठी वाचकाला काऊ, मोरू, मैना आणि गुंड्याभाऊ यांची आठवण झाल्याविना राहणार नाही. चिं. वि. जोशी हे बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणारे व्यासंगी गृहस्थ; पण त्यांनी रंगवलेले घर पुढे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या अभिनयातून दूरदर्शनवरही घराघरांत पोहोचले. चिमणरावांच्या घरी एकही बेत धड पार पडत नाही, तरी कोणी कोणाला टाकून देत नाही. यामादांच्या घरीही तेच. दोघांतला फरक असा की, चिं. विं.ची नजर चिमणरावांच्या फजितीवर खिळलेली असते, तर ताकाहाता फजितीनंतरच्या शांततेपाशी थांबतात. एकदा घरचे छत्री घेऊन वडिलांना आणायला पावसात निघतात. त्यांची वाटेत भेट होते, एवढाच तो प्रसंग.

आता दोष सांगितले पाहिजेत, नाहीतर ही समीक्षा न राहता शिफारसपत्र होईल. 'व्हिस्पर ऑफ द हार्ट'चा शेवट आम्हांला पटला नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने सूर्योदयाच्या साक्षीने लग्नाची मागणी घालावी आणि चित्रपटाने ती पूर्ण गांभीर्याने घ्यावी, हे त्याच चित्रपटातील ताकिदीशी विसंगत आहे. जो दगड अजून घासायचा आहे त्याचा दागिना आताच घडवला गेला. शिवाय तो मुलगा फारच निर्दोष आहे. त्याला एकदाही कोणी घरकाम सांगितलेले दिसत नाही. यामादांच्या चित्रपटात वडील दमून येतात, दूरचित्रवाणीपुढे बसतात आणि सारे हसण्यावारी जाते. पण त्या थकव्याखाली असलेला एकटेपणा तेथे क्वचितच उघडा पडतो. पाळीवर जाणाऱ्या माणसाला हा चित्रपट कदाचित आपली थट्टा वाटेल.

आणखी एक गोष्ट. हे दोन चित्रपट म्हणजे सगळे अ‍ॅनिमे नव्हे. या नावाखाली क्रौर्य, बीभत्सता आणि स्त्रीदेहाचे ओंगळ प्रदर्शनही विकले जाते. शेकडो भागांच्या मालिका मुलांची झोप खातात हेही खरे. पालकांनी डोळे मिटून घ्यावेत असे आम्ही म्हणत नाही. उलट डोळे उघडून मुलाशेजारी बसावे असे म्हणतो. जांभूळच्या केंद्रात नदीचे गढूळ पाणी येते ते कोणी अडवून परत पाठवीत नाही. गाळ खाली बसवतात, गाळतात आणि मग घरोघरी सोडतात. हे काम वेळखाऊ आहे. नळ बंद करणे सोपे असते, पण त्याने तहान भागत नाही.

या बाबतीत आम्हांला आमचीही कबुली दिली पाहिजे. सेमिनरीच्या पहिल्या वर्षी उशीखाली ठेवलेली आमची एक कादंबरी जप्त झाली होती. ती पुन्हा मिळाली नाही, आणि आम्हीही पुढे बरीच वर्षे कादंबरीवाचन हा वेळेचा अपव्यय आहे असे इतरांना सांगत राहिलो. १७ जुलै २०२४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जडणघडणीतील साहित्याच्या स्थानावर एक पत्र लिहिले. ते वाचताना ती उशी आठवली. त्यात ते आपल्या तरुणपणची हकीकत सांगतात. अर्जेंटिनातील येशूसंघीय शाळेत ते साहित्य शिकवत असत. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने काव्य होते आणि मुलांना हवे होते गार्सिया लोर्का. त्यांनी मुलांना 'एल सिद' घरी वाचायला सांगितले आणि वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले. आवडीच्या वाटेने निघालेली मुले पुढे साहित्याच्या इतर प्रांतांतही पोहोचली, असा त्यांचा अनुभव. हे पत्र मुख्यत्वे धर्मगुरूंच्या घडणीसंबंधी लिहायला घेतले होते. आम्ही ते जरा उशिरा वाचले.

'आपल्या मातीचे' म्हणजे काय, याचेही उत्तर शिझुकूजवळ आहे. शाळेसाठी ती एका अमेरिकन गाण्याचे जपानी रूपांतर करते. मूळ गाण्यात डोंगरातील गावाकडे नेणारी वाट आहे. शिझुकू उपनगरात वाढलेली. तिच्या टेकड्या इमारतींखाली गेल्या आहेत. म्हणून ती त्याच चालीवर जंगल तोडून झालेल्या काँक्रीटच्या रस्त्याचे थट्टेखोर गाणे रचते. परके गाणे आपल्या भाषेत आणताना तिला आपलेच गाव प्रथमच नीट दिसले. बदलापूर-अंबरनाथकडच्या ज्या मुलांनी शेताच्या जागी इमारत उभी राहताना पाहिली आहे, त्यांना हे गाणे समजावून सांगावे लागणार नाही. आणि आपल्याला तरी ते नवे का वाटावे? १५७९ साली गोव्यात उतरलेला एक इंग्रज येशूसंघीय मराठी शिकला आणि १६१६ साली त्याने ख्रिस्तकथा सुमारे अकरा हजार ओव्यांत छापून आणली. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने 'परके' हा शब्द जपून वापरावा.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा जांभूळला गेलो. वडील म्हणाले, "मग फादर, काय सांगणार तिला?" आम्ही म्हणालो, "तिला काही सांगण्याआधी तुम्हांलाच एक सांगायचे आहे. या घरात आजोबा वेगळे, काका वेगळे, तुम्ही मिरच्यांशी बोलता. सगळ्यांचे वेगळेपण कौतुकाचे, मग हिचेच तेवढे गुन्हा कसे?" आजोबा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या विनोदाला हसले. मग मुलीला म्हणालो, "गणित तुला टाळता येणार नाही. ती तुझ्या निवडीची किंमत आहे, ती तूच द्यायची. आणि बाळ, आईची हाक आली की ताट खोलीत न्यायचे नाही."

त्याच रविवारी सायंकाळी सर्वांनी मिळून तो पहिला चित्रपट पाहिला. आजोबांना मध्येच डुलकी लागली. दुकानातील जुने घड्याळ दिसताच काका उठून पडद्याजवळ गेले आणि ते कसे दुरुस्त केले असेल यावर बोलत राहिले. टेबलापाशीचा प्रसंग आला तेव्हा वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मुलीला तो भाग पुन्हा लावायला सांगितला.

सारे सुरळीत झाले असे लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो. मुलीने गणिताची शिकवणी लावली आहे, परीक्षा अजून व्हायची आहे. पुढे विज्ञानच घ्यायचे की भाषा, हा वाद त्या घरात अजून मिटलेला नाही आणि तो आम्ही मिटवूही शकत नाही. मात्र परवा तिकडून जाताना आम्ही सहज डोकावलो. भिंतीवरील चार घड्याळांत चार वेळा होत्या. आतून आईची हाक आली, "पान वाढलंय गं!" जिन्यावरची मुलगी पुस्तकात बोट ठेवून उठली आणि आत गेली.